तख्त किंवा तख्ता

आपल्या मराठींत ‘भाऊबंदकी’ या शब्दाला जी कडवट चव आहे ती कोशांत पाहून कळावयाची नाहीं. शेताचा बांध, विहिरीचें पाणी किंवा वाड्यांतील एखादी खोली यांवरून सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढले नाहींत असें घराणें विरळा. आणि सन १७७३ मध्यें शनिवारवाड्यांत झालेला नारायणराव पेशव्यांचा वध आठवला म्हणजे हा शब्द राजवाड्यांतहि तितकाच खरा आहे याविषयीं शंका उरत नाहीं. तथापि आज आम्हांस जी हकीकत वाचकांपुढें मांडावयाची आहे ती मुख्यतः आपल्या घरची नव्हे. पंधराव्या शतकाच्या मध्यापासून अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत उस्मानी तुर्क, इराणचे सफवी आणि हिंदुस्थानचे मोगल या तीन मुसलमानी राजघराण्यांनीं आशिया, युरोप व आफ्रिका या खंडांच्या फार मोठ्या भागावर सत्ता गाजविली. त्यांच्या मशिदी, बागा व चित्रें, त्यांची जमाबंदी व लष्करी व्यवस्था यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु बाप मेल्यावर गादीवर कोणीं बसावयाचें, या अगदीं घरगुती प्रश्नाचें उत्तर या तिघांनाहि दीर्घकाळ नीट देतां आलें नाहीं; आणि त्या एका प्रश्नानें त्यांच्या राज्यकारभाराला, समाजाला व संस्कृतीला जें वळण दिलें तें कित्येक मोठमोठ्या लढायांनींहि दिलें नाहीं, असें आमचें मत आहे. मोगलांच्या काळीं ‘तख्त किंवा तख्ता’ अशा अर्थाची एक फारशी म्हण प्रचारांत होती. तख्ता म्हणजे प्रेत ठेवण्याची फळी. राजपुत्रापुढें बहुधा हे दोनच मार्ग असत.

हें असें कां व्हावें? पुष्कळ लेखक ‘पौर्वात्य क्रौर्य’ एवढे दोन शब्द लिहून या प्रश्नांतून मोकळे होतात. आम्हांस हें उत्तर पटत नाहीं. ज्या पंधराव्या शतकांत तुर्की सुलतानांच्या घरांत भावांचें रक्त सांडत होतें त्याच शतकांत इंग्लंडच्या राजकुलांतील दोन शाखा गुलाबांच्या युद्धांत एकमेकींचा उच्छेद करीत होत्या. क्रौर्य ही कोणा एका दिशेची मिरास नव्हे. खरें कारण राज्य कोणाचें, या कल्पनेंत आहे. मध्य आशियांतील तुर्क व मोंगल टोळ्यांच्या समजुतीप्रमाणें राज्य हें एका पुरुषाचें नसून सगळ्या कुळाचें असे. ईश्वराचा प्रसाद कुळावर झालेला आहे. कुळांतील कोणत्या पुरुषावर तो विशेष आहे हें मात्र यशावरून ठरावयाचें. जो जिंकेल तो ईश्वराचा लाडका. यांत इस्लामी वारसाहक्काच्या कायद्याची भर पडली. त्या कायद्यांत सर्व मुलगे सारखे. वडील मुलाला धाकट्याहून अधिक कांहीं नाहीं. अशा स्थितीत दोनच गोष्टी संभवतात. एक तर राज्याची वांटणी करावी, नाहीं तर ज्याच्या मनगटांत जोर असेल त्यानें सर्व घ्यावें. चंगीझखानाच्या व तैमूरच्या वंशजांनीं वांटण्या करून पाहिल्या, आणि दोन-तीन पिढ्यांत त्या विशाल राज्यांचीं शकलें झालीं. बाबर हा अशाच एका शकलाचा धनी होता. स्वकीयांच्या कलहांतच त्यानें समरकंद मिळविलें आणि पुन्हां गमावलें.

उस्मानी तुर्कांनीं हा धडा फार लौकर घेतला. सन १३८९ मध्यें कोसोवोच्या रणांगणावर सुलतान मुराद मारला गेला, तेव्हां त्याचा पुत्र बायजीद यानें तेथल्या तेथें आपला भाऊ याकूब याला ठार करविलें. पुढें सन १४०२ मध्यें अंकाराच्या लढाईंत याच बायजीदाला तैमूरनें कैद केलें, आणि त्याचे मुलगे अकरा वर्षें आपसांत लढत राहिले. राज्य नाहींसें होण्याची वेळ आली होती. तें वांचलें हें नवलच. या अकरा वर्षांचा धसका त्या घराण्याच्या मनांतून कधीं गेला नाहीं. सन १४५३ मध्यें कॉन्स्टँटिनोपल जिंकणारा महंमद दुसरा यानें स्वतः सन १४५१ त गादीवर येतांच आपल्या तान्ह्या सावत्र भावाचा अंत करविला होता. त्याच्या नांवानें चालत आलेल्या कानूनाम्यांत तर या गोष्टीला नियमाचेंच रूप दिलेलें आहे. ज्या पुत्राला सुलतानी मिळेल त्यानें जगाची सुव्यवस्था राखण्यासाठीं आपल्या भावांचा वध करणें योग्य असून बहुतेक धर्मशास्त्र्यांची त्याला संमति आहे, असा त्याचा आशय. वाचकांनीं येथें क्षणभर थांबून या विचाराचें स्वरूप नीट न्याहाळावें. हें रागाच्या भरांत केलेलें कृत्य नव्हे. एका घरांतील चार-पांच माणसें मेलीं तर लाखों घरांतील माणसें वांचतील, असा हा थंड डोक्याचा हिशेब आहे.

आणि हा हिशेब अगदींच खोटा होता असेंहि म्हणतां येत नाहीं. महंमद दुसरा सन १४८१ मध्यें वारला तेव्हां त्याचा एक पुत्र बायजीद अमास्या येथें सुभेदार होता, दुसरा जेम हा कोन्या येथें होता. बायजीद राजधानीस आधीं पोंचला. खजिना व जानिसारी सैन्य त्याच्या हातीं आलें. जेम हरला व ऱ्होड्सच्या ख्रिस्ती सरदारांच्या आश्रयास गेला. त्यांनीं त्याला फ्रान्समध्यें नेलें, तेथून तो रोमला पोपच्या ताब्यांत गेला, आणि सन १४९५ मध्यें नेपल्स येथें मेला. तेरा वर्षें हा राजपुत्र युरोपच्या हातांतील एक सोंगटी होता, आणि त्याला परत सोडूं नये म्हणून त्याचा भाऊ दरसाल हजारों सुवर्णमुद्रा मोजीत होता. जिवंत भाऊ राज्याला किती महाग पडतो हें इस्तंबूलच्या मुत्सद्द्यांनीं जमाखर्चाच्या वह्यांतच पाहिलें.

इराणांतील सफवी घराणें धर्मगुरूच्या गादींतून उत्पन्न झालेलें. सन १५०१ मध्यें शाह इस्माइलनें तब्रीझ येथें राज्य स्थापिलें व शिया पंथ राजधर्म केला. त्याच्या अनुयायांना तो नुसता राजा नव्हे, पीर होता. परंतु पीराच्या घरीं तरी मुलगे कां थोडे असतात? तेथें वधाबरोबर आणखी एक रीत चालूं झाली. ती म्हणजे डोळे घालविण्याची. आंधळा पुरुष राज्यास अपात्र, असा समज असल्यामुळें भावाचे डोळे गेले म्हणजे त्याचा हक्कहि गेला. सन १५७६ मध्यें शाह तहमास्प वारल्यावर, कहकहाच्या किल्ल्यांत सुमारे वीस वर्षें कैदेंत काढलेला त्याचा पुत्र दुसरा इस्माइल तख्तावर आला, आणि वर्ष-दीड वर्षाच्या कारकीर्दींत त्यानें आपल्या कुळांतील पुरुषांचा जवळजवळ निःपात केला. एक भाऊ वांचला, कारण त्याला बहुतेक दिसतच नव्हतें. आणि दैवाची थट्टा अशी कीं सन १५७८ मध्यें तोच महंमद खुदाबंद शाह झाला!

मोगलांची वृत्ति आरंभीं यांहून मवाळ होती. हुमायूननें गादीवर येतांच भावांना प्रांत तोडून दिले. कामरानकडे काबूल, अस्करीकडे संभल, हिंदालकडे अलवर. शेरशाहाचें संकट आलें तेव्हां हे भाऊ त्याच्या पाठीशीं उभे राहिले नाहींत, आणि सन १५४४ मध्यें हिंदुस्थानच्या बादशहाला इराणच्या शाह तहमास्पच्या दारीं मदत मागावी लागली. पुढें काबूल मिळाल्यावरहि कामराननें पुन्हांपुन्हां बंड केलें. सरदारांनीं त्याच्या प्राणाची मागणी केली. हुमायूनला तें जड गेलें आणि सन १५५३ मध्यें अखेर डोळ्यांवर निभावलें. जहांगीरच्या पुत्राची, खुस्रूची, हीच गत झाली; तो बिचारा सन १६२२ मध्यें बऱ्हाणपुरास भाऊ खुर्रम याच्या ताब्यांत असतांना मेला. हाच खुर्रम सन १६२८ मध्यें शहाजहान नांवानें तख्तावर बसला, तो भाऊ शहर्यार व पुतणे यांना मारण्याचा हुकूम देऊनच. पुढें त्याच्या स्वतःच्या घरांत जें झालें तें सर्वश्रुत आहे. सन १६५७ मध्यें शहाजहान आजारी पडला, आणि बाप जिवंत असतांनाच दारा, शुजा, औरंगजेब व मुराद हे चार भाऊ तख्तासाठीं निघाले. सन १६५८ मध्यें धर्मात व सामूगढ येथील लढायांनीं निकाल लावला. दाराचा सन १६५९ त दिल्लींत व मुरादचा सन १६६१ त ग्वाल्हेरच्या किल्ल्यांत वध झाला. शुजा आराकानांत परागंदा झाला. बाप आग्र्याच्या किल्ल्यांत आठ वर्षें बंदींत राहून सन १६६६ मध्यें वारला.

येथवरची हकीकत रक्ताची आहे, आणि येथेंच थांबलें तर वाचक म्हणतील कीं यांत नवें काय? म्हणून आतां त्याच नाण्याची दुसरी बाजू पाहूं. ज्याला पुढें जिंकावयाचें किंवा मरावयाचें आहे, असा राजपुत्र लहानपणापासून स्वस्थ बसत नसे. तुर्की शहाजादा पंधरा-सोळा वर्षांचा झाला कीं शिक्षक, कारभारी व लहानशी फौज घेऊन अनातोलियांतील एखाद्या प्रांतावर जाई. त्याची आईहि बरोबर जाई, कारण मुलगा तरला तर ती राजमाता, नाहीं तर कोणीच नाहीं. सन १५५३ मध्यें सुलेमाननें मुस्तफा या आपल्या लोकप्रिय पुत्राला मारविलें, तेव्हां त्याच्या आईच्या वांट्यास बुर्सा शहरांत दारिद्र्याचे दिवस आले. मोगल शहाजादाहि मनसब व सुभा घेऊन दूर जाई. औरंगजेब दक्षिणेच्या सुभ्यावर दोन वेळां मिळून तेरा वर्षांच्या आसपास होता. तेथें त्यानें जमाबंदी पाहिली, तोफखाना पाहिला, माणसें पारखलीं. उलट बापाच्या अतिमायेमुळें दारा दरबारांतच वाढला, आणि सामूगढच्या एका दिवसांत त्या मायेची किंमत चुकती झाली.

शिवाय नुसत्या तलवारीनें तख्त मिळत नसे. माणसें जोडावीं लागत, आणि तीं कोठून जोडावयाचीं? बापाच्या जुन्या सरदारांच्या निष्ठा वांटल्या गेलेल्या. म्हणून शहाजादा नव्या माणसांकडे वळे. अफगाण, रजपूत, बुंदेले, इराणी, तुराणी, प्रांतांतील जमीनदार, सूफी पीर, सावकार, या सर्वांना त्याच्या घरांत जागा होती. सन १६५८ च्या युद्धाला पुष्कळ लोक हिंदुमुसलमानांचें युद्ध समजतात, परंतु दोन्ही पक्षांत हिंदु मनसबदार होते. मुरादनें लढाईच्या खर्चासाठीं अहमदाबादच्या शांतिदास जवाहिरी याच्या घराण्याकडून मोठें कर्ज काढलें होतें. मुराद कैदेंत गेल्यावर त्यांतील कांहीं रक्कम सरकारी खजिन्यांतून फेडण्याचें फर्मान खुद्द औरंगजेबानें काढलें. हरलेल्या भावाचें कर्ज जिंकलेल्या भावानें कां फेडावें? कारण सावकारांचा विश्वास गमावून राज्य चालत नाहीं. अशा रीतीनें दर पिढीस एकदां राज्याचे दरवाजे हालत, आणि जे लोक आजवर बाहेर उभे होते त्यांपैकीं कांहीं आंत येत.

संस्कृतीचेंहि तसेंच आहे. एका राजधानीच्या जागीं चार लहान राजधान्या असत, आणि त्या प्रत्येकींत कवि, लेखक व चितारी यांना पोटापाण्याची सोय असे. बापावर रुसून अलाहाबादेस गेलेल्या सलीमनें तेथें स्वतःची चित्रशाळा ठेविली होती. सफवी राजपुत्र इब्राहीम मीर्झा यानें मशहद येथें बसून जामीच्या ‘हफ्त औरंग’ काव्याची एक सचित्र प्रत सन १५५६ पासून नऊ वर्षें खपून तयार करविली. इराणी चित्रकलेचें तें एक भूषण समजलें जातें. दारानें काशीच्या पंडितांचें साह्य घेऊन उपनिषदांचें फारशी भाषांतर सन १६५७ मध्यें पुरें केलें. त्याच्याच आधारें पुढें झालेल्या लॅटिन भाषांतरावरून युरोपांतील तत्त्वज्ञांना उपनिषदें प्रथम वाचावयास मिळालीं. इब्राहीम मीर्झा सन १५७७ मध्यें दुसऱ्या इस्माइलच्या हुकुमानें मारला गेला, आणि दारा भाषांतर पुरें झाल्यापासून सुमारे दोन वर्षांनीं. ज्या रीतीनें हे दरबार उभे केले तिनेंच ते एका रात्रींत विझविले.

प्रजेला हें सर्व मुकाट्यानें मान्य होतें काय? तसें दिसत नाहीं. सन १५९५ मध्यें तिसरा महंमद सुलतान झाला तेव्हां त्याच्या एकोणीस भावांना एकाच वेळीं फांस देण्यांत आला. त्यांतील कित्येक लहान मुलें होतीं. दुसरे दिवशीं बापाच्या शवपेटीमागून एकोणीस लहानमोठ्या पेट्या राजवाड्याच्या दारांतून बाहेर पडल्या, तेव्हां इस्तंबूलच्या रस्त्यांत लोक रडत उभे होते. सन १६५९ मध्यें दाराला मळक्या कपड्यांत हत्तिणीवर बसवून दिल्लीच्या बाजारांतून फिरविण्यांत आलें. बर्नियर हा फ्रेंच वैद्य त्या वेळीं तेथें होता. बाजारांत जिकडेतिकडे आक्रोश चालला होता असें तो लिहितो. नंतर लोकांनीं दाराला पकडून देणाऱ्या सरदारावर चिखल-दगडांचा वर्षाव केला. जगाच्या सुव्यवस्थेचा हिशेब शास्त्र्यांना पटला असेल, परंतु रस्त्यावरच्या माणसाला पटला नव्हता. आणि आम्हांस वाटतें, इतिहासांत याचीहि नोंद झाली पाहिजे.

इस्तंबूलांत या अश्रूंचा परिणाम झाला. सन १६०३ मध्यें पहिला अहमद तेरा वर्षांचा असतां गादीवर आला. त्याला मूल नव्हतें आणि मुस्तफा हा एकच भाऊ होता. तो मेला व अहमदहि मेला तर घराणेंच बुडावयाचें! म्हणून मुस्तफा वांचला, आणि सन १६१७ मध्यें पुत्राऐवजीं भाऊ गादीवर येण्याचा प्रकार तेथें प्रथमच घडला. मधून मधून वध होतच राहिले, तथापि हळूहळू कुळांतील सर्वांत वडील पुरुषानें सुलतान व्हावें आणि बाकीच्यांनीं राजवाड्यांतील बंद दालनांत जिवंत राहावें, अशी रीत पडली. या दालनांना तुर्क लोक ‘कफस’ म्हणत, म्हणजे पिंजरा. इराणांत शाह अब्बास पहिला (सन १५८७ ते १६२९) यानें हीच वाट धरली. तो स्वतः बापाला बाजूस सारून गादीवर आलेला, त्यामुळें आपल्या मुलांकडे संशयानेंच पाही. सन १६१५ मध्यें त्यानें थोरला पुत्र सफी मीर्झा याला मारविलें, पुढें दोघांचे डोळे घालविले. आणि राजपुत्रांना प्रांतावर पाठविण्याची चाल मोडून त्यांना जनानखान्यांत कोंडलें. इस्फहानचा तो अपूर्व चौक बांधणारा, रेशमाचा व्यापार हातीं घेणारा, फौजेची नवी घडी बसविणारा हा चतुर राजा. पण आपल्यामागें हें कोण चालवील, याची तजवीज त्यानें आपल्या हातानें मोडून टाकली.

आतां या दयेचीं फळें पाहा. सन १६४० मध्यें इब्राहीम याला ‘आपण सुलतान झालांत’ असें सांगावयास वजीर आले, तेव्हां त्यानें भयानें दार उघडलें नाहीं. भावाचें प्रेत प्रत्यक्ष दाखविल्यावर त्याचा विश्वास बसला. सन १६६६ मध्यें इराणच्या शाहजाद्याला राज्याभिषेकासाठीं बोलावणें आलें, तेव्हां त्याच्या आईला वाटलें कीं मुलाचे डोळे काढावयास माणसें आलीं. शार्दां नांवाच्या फ्रेंच जवाहिऱ्यानें त्या समारंभाचा वृत्तांत लिहून ठेविला आहे. सन १६८७ मध्यें सुलतान झालेला दुसरा सुलेमान हा सुमारे चाळीस वर्षें पिंजऱ्यांत होता. ज्यानें राजवाड्याच्या भिंतीबाहेरचें शेत, बाजार, छावणी हीं पाहिलींच नाहींत, त्यानें राज्य करावयाचें! चौथा मुराद व दुसरा अब्बास यांसारखे जे अगदीं लहानपणींच तख्तावर आले, ते तेथें बसून शिकले व बरे निपजले. पिंजऱ्यांत ज्यांचें तारुण्य गेलें त्यांचें मात्र बहुधा कांहीं झालें नाहीं. इराणचा नामधारी शाह सुलतान हुसेन याच्यापुढें कोणताहि कागद आला कीं तो ‘बरें आहे’ म्हणे, आणि लोकांनीं थट्टेनें त्याचें नांवच तसें पाडलें होतें. सन १७२२ मध्यें अफगाणांनीं इस्फहानला सहा-सात महिने वेढा दिला, शहरांत भुकेनें माणसें मेलीं, आणि या शाहनें स्वतः शत्रूच्या छावणींत जाऊन आपला तुरा त्याच्या डोकीवर चढविला.

मोगलांच्या घरीं पिंजरा उशिरां आला. औरंगजेबानें पुत्रांना सुभे दिले, परंतु स्वतःचें उदाहरण त्याला विसरतां येईना. थोरला मुलगा कैदेंत मेला, दुसरा मुअज्जम सात वर्षांहून अधिक काळ नजरकैदेंत होता. चौथ्या मुलानें, अकबरानें, सन १६८१ मध्यें रजपुतांच्या बळावर बंड केलें, तें फसल्यावर तो संभाजी महाराजांच्या आश्रयास आला, आणि सन १६८७ मध्यें आपल्या कोंकणकिनाऱ्यावरून गलबतांत बसून इराणास निघून गेला. एकशेंत्रेचाळीस वर्षांपूर्वीं त्याच्या खापरपणजोबाचा बाप ज्या दरबारीं गेला होता, त्याच दरबारीं. पण हुमायूनला फौज मिळाली, अकबराला नुसता पाहुणचार. बापाआधींच तो तेथें वारला. औरंगजेब सन १७०७ मध्यें अहमदनगरास वारला तेव्हां गादीवर आलेला मुअज्जम त्रेसष्ट वर्षांचा होता. मग पांच-सहा वर्षांत तीन वारसायुद्धें झालीं, आणि सन १७१९ मध्यें सय्यद बंधूंनीं एका वर्षांत तीन तरुण पुरुष राजवाड्याच्या बंद दालनांतून काढून एकामागून एक तख्तावर बसविले. पहिले दोघे कांहीं महिन्यांतच आजारानें मेले, तिसरा महंमदशाह.

येथें एक प्रश्न सुज्ञ वाचक विचारतील. पिंजरा तिघांनीं केला. मग सफवी सन १७२२ मध्यें कोसळले, मोगल सन १७१९ नंतर नांवाचे राहिले, आणि उस्मानी घराणें मात्र सन १९२२ पर्यंत गादीवर कसें टिकलें? याला भूगोल, व्यापार व शेजारी अशीं अनेक कारणें आहेत. परंतु एक कारण आमच्या विषयाशीं निगडित आहे. इस्तंबूलांत सुलतान दुबळा झाला तरी दफ्तर दुबळें झालें नाहीं. मुख्य वजिराची कचेरी सतराव्या शतकाच्या मध्यास राजवाड्यांतून वेगळी झाली, आणि सन १६५६ पासून कोप्रूलू घराण्यांतील वजिरांनीं सुलतानाच्या नांवानें स्वतः राज्य चालविलें. अयोग्य सुलतानास काढावयाचें झाल्यास मुख्य मुफ्तीचा फतवा घेण्याची वहिवाट पडली. सन १६४८, १६८७, १७०३ व १७३० या सालीं सुलतान पदच्युत झाले. यांत जानिसारींचा दंगा होता, स्वार्थ होता, सारें कांहीं होतें. तरी ‘कोणत्या कारणानें व कोणाच्या संमतीनें राजा बदलावा’ या प्रश्नाला कांहीं एक उत्तर होतें, आणि पुढचा कोण हें वडीलकीच्या रीतीनें आधींच ठरलेलें होतें. दिल्लींत व इस्फहानांत यांतलें कांहींच नव्हतें. तेथें सारें यंत्र राजाच्या व्यक्तीभोंवतीं फिरे. मधला खिळा झिजतांच चाकें गळून पडलीं.

मोगलांच्या या भाऊबंदकीचा मराठ्यांनीं फायदा घेतला हें आपण अभिमानानें सांगतों, आणि तें खरेंहि आहे. सन १६५७ मध्यें औरंगजेबाचें लक्ष उत्तरेकडे लागलें असतां शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली. सन १७१९ मध्यें बाळाजी विश्वनाथांनीं दिल्लीच्या त्याच गोंधळांतून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. परंतु सन १७०७ ची गोष्ट दुहेरी आहे. मुअज्जमशीं लढावयास उत्तरेकडे जातां जातां शहाजादा आज्जम यानें शाहू महाराजांना सोडलें. मराठ्यांत दोन धनी झाले म्हणजे मागची काळजी मिटली, हाच त्यांत मोगलांचा हेतु. आणि आम्हीं तो पुरा केला. त्याच वर्षीं खेडला शाहू व ताराबाई यांच्या फौजा समोरासमोर आल्या, आणि पुढें सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. दुसऱ्याच्या घरचा रोग आपल्याला ओळखतां येतो, एवढ्यानें तो आपल्याला होत नाहीं असें नाहीं.

या सर्व इतिहासावरून कित्येक जण असा निष्कर्ष काढतात कीं भावांचें युद्ध क्रूर असलें तरी त्यांतून पराक्रमी राजे निपजत, आणि दया आली तेथें राज्य गेलें. आम्हांस हें मान्य नाहीं. क्रौर्य किंवा दुबळेपणा या दोहोंतून एक निवडा, असा पेंच ज्या राज्यांत पडतो त्या राज्याची घडणच सदोष समजली पाहिजे. ते एकोणीस भाऊ मेल्यानें तिसऱ्या महंमदाचें राज्य कांहीं अधिक बळकट झालें नाहीं. पिंजऱ्याचा दोष असा कीं त्यानें राजपुत्राचा जीव वांचविला आणि त्याचें जिणें काढून घेतलें. राजा कोण हें ठरविण्याचा आणि तो नालायक ठरल्यास त्याला दूर करण्याचा नियम राजाहून मोठा असेल, तरच राजाच्या भावाला जगतां येईल आणि राज्यहि जगेल. उस्मान्यांना तो नियम अर्धामुर्धा सांपडला, तेवढ्यावर ते दोनशें वर्षें अधिक निभावले. त्या एकोणीस पेट्या पाहून रडणाऱ्या नगरवासियांना राज्यशास्त्र ठाऊक नव्हतें. परंतु कोठें तरी हिशेब चुकतो आहे, एवढें त्यांनीं शास्त्र्यांच्या आधीं ओळखलें होतें.